ओढ्यातल्या किड्याला नाव कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सह्याद्रीत अमुक नवी पाल सापडली, तमुक खेकडा सापडला अशा बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात आणि मी त्या कापून वहीत चिकटवून ठेवते. त्यावर मागच्या रविवारी याच सदरात एका वाचकाचं पत्र होतं, की आधी माणसांचे प्रश्न सोडवा, ओढ्यातल्या किड्यांना लॅटिन नावं देऊन गरिबाच्या ताटात काय पडणार आहे. पत्र मी दोनदा वाचलं. राग नाही आला, कारण हाच प्रश्न मला वर्गात पोरांनी कितीतरी वर्षं विचारलाय आणि प्रश्न खराच आहे, पण त्याला उत्तरही आहे आणि ते मला माझ्याच एका चुकीतून मिळालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जागा कमी पडली तर बाकीचं कापा, बाटलीची गोष्ट तेवढी राहू द्या.

मी पाटण तालुक्यातल्या एका हायस्कूलवर विज्ञान शिकवून रिटायर झाले. त्याच्या आधी एम.एस्सी.ला माझा प्रोजेक्ट होता डोंगरातल्या ओढ्यांमधले कीटक, आणि त्यातही माझं मन जडलं ते मेफ्लायवर. आता मेफ्लाय म्हणजे कोण हे आधी सांगायला हवं. ओढ्याकाठच्या घरात संध्याकाळी दिव्यावर जी पाखरं येतात ना, त्यात एक अगदी नाजूक असतं, पंख फुलपाखरासारखे पाठीवर उभे मिटून बसतं आणि मागे दोन किंवा तीन लांब केसांसारख्या शेपट्या. आपण त्या सगळ्यांनाच पाखरं म्हणतो आणि सकाळी केरसुणीने लोटून देतो. त्या पाखराला खायला तोंडच नसतं, म्हणजे असतं पण कामाचं नसतं, आतड्यात अन्नाऐवजी हवा भरलेली असते. काही तास, फार तर एखाद दोन दिवस जगायचं, जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी घालायची, संपलं. शास्त्रात यांच्या गणाला एफेमेरॉप्टेरा म्हणतात, त्यातला पहिला शब्द ग्रीकमधला, एका दिवसापुरता असा अर्थ आहे त्याचा. पण एका दिवसाचा कीटक म्हणणं म्हणजे लग्नाचा एक दिवस बघून माणसाचं आयुष्य एका दिवसाचं म्हणण्यासारखं झालं, कारण त्याआधी कित्येक महिने, काही जातींत वर्षाहून जास्त, हा जीव पाण्यात दगडाखाली पिल्लू म्हणून जगलेला असतो, शेवाळ खरवडून खातो, वीस पंचवीस वेळासुद्धा कात टाकतो. पंखवाल्या कीटकांत हे घराणं अगदी जुनं, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीपासूनचं. जगात साडेतीन हजारांहून जास्त जातींची नोंद झालीय. आणि एक गोष्ट फक्त यांच्यातच आहे, पंख फुटल्यावर हे पुन्हा एकदा कात टाकतात, पंखांची सुद्धा. दुसरा कुठलाच कीटक हे करत नाही.

ओळखायला सोपं आहे, मी सातवीच्या पोरांना शिकवलंय. वाहत्या पाण्यातला हातात मावेल असा गोटा उचलायचा, उलटा करायचा आणि पाणी निथळेपर्यंत थांबायचं. चपटं किंवा माशाच्या पिल्लासारखं निमुळतं काहीतरी सरसर पळतं. ते पांढऱ्या थाळीत ओढ्याच्याच पाण्यात सोडायचं आणि भिंगातून बघायचं. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाकळ्या लवलवत असल्या आणि प्रत्येक पायाला एकच नखी असली तर तो मेफ्लाय. दोन नख्या दिसल्या तर तो स्टोनफ्लाय, ओढ्यातलाच दुसरा एक कीटक. बघून झालं की पोरं त्याला परत त्याच दगडाखाली सोडायची, हा नियम मी कधी मोडू दिला नाही.

आता बाटलीची गोष्ट. १९८८ च्या नोव्हेंबरात एका देवराईखालच्या झऱ्यात मला सात आठ मिलिमीटरचं एक पिल्लू मिळालं ज्याच्या कल्ल्यांना गडद तपकिरी किनार होती, नऊवारीच्या काठासारखी रेखीव, आणि तिन्ही शेपट्यांच्या मधोमध एक काळा पट्टा. तेव्हा हाताशी होती ती पुस्तकं, शोधनिबंध सगळं चाळलं, कशातच ते बसेना. सर म्हणाले नीट ठेव, पुढे बघू. मी चार पिल्लं स्पिरिटमध्ये घातली, कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलने जागा लिहून तो बाटलीतच टाकला (पेन्सिलच, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते) आणि बाटली डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवली. मग परीक्षा, नोकरी, लग्न, पोरं. मी पुढे काही बघितलं नाही. कपाट उघडून वर्षातून एकदा स्पिरिट भरायला हवं होतं, ते ना मी केलं ना कुणी केलं.

माझीच एक विद्यार्थिनी आता पाण्यातल्या कीटकांवर पीएच.डी. करते. ती दोन वर्षांपूर्वी घरी आली, मी तिला ती किनार वर्णन करून सांगितली आणि तिने उठून थेट ते कपाट गाठलं. बाटली होती. आत तळाला तपकिरी भुगा होता आणि त्यावर ती चिठ्ठी. तिने मोबाइलवर फोटो पाठवला, माझं तरुणपणचं अक्षर, "देवराईखालचा झरा, मोठ्या आंब्यापासून वर दोनशे पावलं, डावा फाटा". किडा गेला होता, पत्ता राहिला होता. मला त्या फोटोकडे बघून खूप वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी उभारी पण आली.

आम्ही दोघी गेलो. आंबा आहे. खालचा झरा आता सिमेंटच्या टाकीत बंद आहे, त्यातून पाइप निघालाय. गावाला पाणी हवंच, बायका किती लांबून पाणी आणायच्या हे मी बघितलंय, त्यामुळे त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण टाकी बांधताना खालच्या ओढ्यासाठी बोटभर धार सुद्धा सोडली नाही, आणि रस्त्याच्या कामाची माती ओघळीत ढकललेली, तिने गोट्यांमधल्या फटी लिंपून टाकल्यात. मेफ्लायचं पिल्लू त्या फटींमध्येच राहतं. दोन तास दगड उलटे केले, एक सुद्धा नाही. मग चिठ्ठीप्रमाणे दोनशे पावलं मोजत वर डाव्या फाट्याला गेलो जिथे देवराईची कड सुरू होते, तिथे काळ्या कातळावरून पाण्याचा पातळ पडदा वाहतो आणि कुणी कुऱ्हाड लावत नाही कारण ती जागा देवीची. तिसऱ्या दगडाखाली तीच नऊवारीची किनार. माझे हात थरथरत होते म्हणून चिमटा तिने धरला.

पण सापडलं म्हणजे झालं का, तर इथून पुढे काम सुरू होतं आणि बातमीत नेमकं हेच येत नाही. नुसत्या पिल्लावरून मेफ्लायची जात ठरवणं जोखमीचं असतं. पूर्वी कुणी फक्त पिल्लू बघून एक नाव दिलं, दुसऱ्याने दिव्यावर आलेलं पाखरू बघून वेगळं नाव दिलं आणि नंतर कळलं की दोन्ही एकच, असं झालेलं आहे. म्हणून पिल्लाला पाखरू होईपर्यंत सांभाळावं लागतं. त्याची युक्ती अशी की पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या झालेलं, म्हणजे पूर्ण भरलेलं पिल्लू निवडायचं, प्लास्टिकच्या ग्लासला बाजूंनी खिडक्या कापून मच्छरदाणीचं कापड चिकटवायचं आणि ग्लास वाहत्या पाण्यातच अर्धा बुडवून दगडाने अडकवून ठेवायचा. घरी बादलीत ठेवलं तर ऑक्सिजनवाचून मरतं. आमची पहिली अकरा मेली. एका रात्री वरून अचानक पाणी आलं आणि तीन ग्लास वाहून गेले.

बारावं निघालं. संध्याकाळी सव्वासहाला पिल्लू पृष्ठभागावर आलं, पाठ उभी फाटली आणि मिनिटभरात त्यातून एक राखाडी, धुरकट पंखांचं पाखरू बाहेर पडून जाळीला चिकटून बसलं. ही अर्धी अवस्था, पंखांच्या कडेला बारीक केसांची झालर असते आणि उडणं जडच. आम्ही त्याला ओल्या पानासकट कोरड्या बरणीत घेतलं आणि रात्री माझ्या ओटीवर आळीपाळीने जागलो. पहाटे पाचच्या सुमाराला त्याने दुसरी कात टाकली. डोक्यापासून सुरुवात केली, मग पाय, मग पंख असे मोजे काढल्यासारखे सोडवले आणि पानावर स्वतःची एक पांढुरकी सावली ठेवून ते बाजूला सरकलं, पंख आता काचेसारखे आरपार. नर होता. आमचा किडा ज्या कुळातला त्यातल्या नरांना डोळ्यांच्या वर आणखी एक डोळ्यांची जोडी असावी असा उंच भाग असतो, आमच्या नराचा केशरी होता, टॉर्चच्या उजेडात डोक्यावर पगडी ठेवल्यासारखा दिसत होता, उडणाऱ्या थव्यात वरून जाणारी मादी दिसावी म्हणून ती सोय. आणि पिल्लाला शेपट्या तीन होत्या, याला दोनच. पिल्लाची कात, अर्ध्या अवस्थेची कात आणि पाखरू, तिन्ही एकाच कुपीत गेलं, सोबत पेन्सिलची चिठ्ठी. हे तिघं एकच आहेत याचा तो पुरावा.

त्यानंतर मायक्रोस्कोप. पिल्लाचं तोंड सुट्टं करून, वरचा ओठ, जबडे, खालचा ओठ, प्रत्येक भाग कॉस्टिकच्या पातळ द्रावणात साफ करून वेगळा स्लाइडवर बसवायचा. नखीवर दाते किती, पोटाच्या प्रत्येक वळीच्या कडेला काटे कसे, टोकदार की बोथट, कुठल्या कल्ल्याची किनार कुठपर्यंत जाते. नराच्या शेपटाशी जो चिमटा असतो त्याच्या सांध्यांचा आकार. सगळ्याची मापं, सगळ्याची चित्रं. मग जवळच्या प्रत्येक ज्ञात जातीचं मूळ वर्णन काढून शेजारी ठेवायचं, त्यात काही दीडशे वर्षांपूर्वीची आणि नमुने लंडनच्या म्युझियममध्ये. डीएनएचा ६५८ अक्षरांचा एक तुकडा वाचतात, त्याने पिल्लू आणि पाखरू एकच हे पुन्हा तपासता येतं, पण नुसत्या त्या तुकड्यावर विसंबून चालत नाही, डोळ्यांनी बघितलेलं वर्णन लागतंच. एक नमुना मुख्य म्हणून निवडायचा, त्याला होलोटाइप म्हणतात, पुढे जगात कुणालाही शंका आली तर त्याच नमुन्याशी ताडून बघायचं, आणि तो कुठल्या संस्थेत ठेवणार हे शोधनिबंधात लिहावंच लागतं. आपल्या जैवविविधता कायद्याप्रमाणे, २००२ चा कायदा, नव्या जातीचा नमुना ठरवलेल्या संस्थेत जमा करणं बंधनकारक आहे.

नाव देण्याचे नियम पण सुंदर आहेत. प्राण्यांच्या नावांचा हिशोब १७५८ पासून, स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाच्या ग्रंथापासून धरतात. गावावरून नाव द्यायचं तर शेवटी एन्सिस लावतात. म्हणून साताऱ्याच्या ठोसेघरची टाचणी (म्हणजे चतुरासारखाच पण नाजूक कीटक) २०२१ मध्ये युफिया ठोसेघरेन्सिस झाली आणि सिंधुदुर्गातल्या चौकुळचा चतुर २०२२ मध्ये बर्मागोम्फस चौकुळेन्सिस झाला. मेफ्लायमध्ये हे पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला बरंच आधी झालं, मदुराईच्या डॉ. के. जी. शिवरामकृष्णन यांनी १९८४ मध्ये तमिळनाडूतल्या कुट्रालम धबधब्याच्या भागातली पीटरसुला कोर्टालेन्सिस जगापुढे आणली, त्यातलं पीटरसुला हे अमेरिकेतल्या पीटर्स नावाच्या मेफ्लाय तज्ज्ञावरून. ती माणसं आयुष्यभर ओढ्यात उभी राहिली म्हणून दक्षिणेतल्या मेफ्लायची एवढी माहिती आज आहे. आपल्या बाजूच्या सह्याद्रीत तेवढं काम नाही झालं. आमच्या किड्याचं नाव ठरलंय पण मी इथे लिहिणार नाही, गावाचंही नाही, कारण शास्त्रीय वर्णन छापून यायच्या आधी नुसतं नाव वर्तमानपत्रात आलं तर ते धरलं जात नाही आणि पुढे घोळ होतो.

२०१२ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, नमुना पहिल्यांदा गोळा केल्यापासून त्याचं नवी जात म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं त्यात निघालं. एकवीस वर्षं कपाटात. आमची चिठ्ठी १९८८ ची, तिला त्याहूनही जास्त लागली, आणि त्या मधल्या काळात खालचा झरा गेला.

आता त्या वाचकाच्या प्रश्नाकडे येते. गरिबाच्या ताटात काय पडणार. त्यांना मी विचारते, तुमच्या गावचं पाणी चांगलं आहे हे तुम्हाला कोण सांगतं? लॅबमध्ये बाटली पाठवली तर ती त्या दिवशीचं पाणी सांगते. परवा वरच्या मळ्यातून फवारणीचं औषध वाहून आलं आणि कालपर्यंत निघून गेलं तर बाटलीला ते कळणार नाही. दगडाखालचं पिल्लू मात्र चार महिने तिथेच आहे, औषध आलं की ते मरतं, ऑक्सिजन कमी झाला की मरतं, गाळ भरला की मरतं. म्हणून जगभर ओढ्याची तब्येत बघताना मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय (हाही पाण्यात वाढणारा कीटक) या तिघांच्या जाती मोजतात. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर एरी नावाचं प्रचंड सरोवर आहे, तिथले मेफ्लाय १९५३ च्या सुमाराला तळाचा ऑक्सिजन संपल्यावर नाहीसे झाले, मग सांडपाण्यावर कायदे आले, आणि १९९० च्या दशकात पाखरांचे थवे परत आले, आता तर ते हवामानाच्या रडारवर ढगासारखे दिसतात. तिथल्या लोकांना सरोवर सुधारल्याचं त्या थव्यांवरून कळलं. पण मोजायचं तर जाती वेगळ्या ओळखता यायला हव्यात ना, कारण एक जात घाण सहन करते आणि तिची चुलत बहीण करत नाही. नाव नसलेला किडा कुठल्या यादीत लिहिणार?

आणि यादीत नाव आलं की काय होतं त्याचं उदाहरण लांब नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी मिळालेल्या छोट्या माशाला २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव मिळालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा तर तिथे आधीपासूनच होता. सरकारी कागदावर लिहायला नाव मिळालं तेव्हा जागा वाचली.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. ग्रामपंचायतींना सांगते, तुमच्याकडे कायद्याने जैवविविधता समिती आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही आहे, बऱ्याच नोंदवह्यांत झाडं, पक्षी, फार तर मासे असतात, त्यात ओढ्यांचं एक पान घाला, शाळेच्या पोरांना घेऊन जा, नाव माहीत नसलं तरी चालेल, "तीन शेपट्यांचा, एका नखीचा, अमुक दगडाशी" एवढं लिहा आणि तारीख घाला. झरा बांधताना बोटभर धार खाली सोडा. पुलावरचे पांढरे झगझगीत दिवे ओढ्याकडे वळवू नका. मेफ्लायच्या माद्या चकाकणारा डांबरी रस्ता पाणी समजून त्यावर अंडी घालतात हे हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय, आणि आमच्या नव्या पुलावर दिव्याखाली अंड्यांचे पिवळे ठिपके वाळून गेलेले मी स्वतः बघितलेत, त्या रात्री मला झोप नाही लागली.

कॉलेजच्या प्राध्यापकांना हात जोडून सांगणं आहे, कपाटं उघडा. दर मे महिन्यात प्रत्येक बाटलीत अल्कोहोल भरा, झाकणं बदला, चिठ्ठ्या तपासा. तुमच्या आधीच्या कुणा मुलीने काय आणून ठेवलंय ते तुम्हाला माहीत नाही. आणि संपादक महाशय, आपण नव्या जातीची बातमी छापाल तेव्हा फोटोखाली दोन ओळी जास्त द्या, किती वर्षं लागली, नमुना कुठे ठेवलाय, आणि ज्या ओढ्यात मिळाला तो आज कसा आहे.

आमच्याकडे अजून मादीची पूर्ण मालिका नाही, म्हणजे पिल्लू, दोन काती आणि पाखरू एका कुपीत, ती मिळाली की शोधनिबंध पाठवता येईल. दसऱ्यानंतर पाणी निवळलं की आम्ही दोघी पुन्हा डाव्या फाट्याला जाणार आहोत. माझ्या विद्यार्थिनीने वीस ग्लास तयार केलेत, जाळी मी शिवली आहे. चिठ्ठ्यांचे कागद कापून पेन्सिल तासून ठेवली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. पाटण, जि. सातारा